निळ्या फ्यूजचे बुलंदमामा

बुलंदमामा कुठल्याही गावात दिवे लावूनच शिरायचे. भर दुपारी, चैत्रात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना आमच्या गाडीचे पुढचे दिवे पेटलेले, टपावरचा निळा बल्ब पेटलेला, आतले बल्ब पेटलेले आणि भोंगा चालू. कुणी म्हटलं, मामा, एवढं ऊन आहे, दिवे कशाला? तर म्हणायचे, "दिवे इझवून गावात शिरतो त्यो चोर. आपण काय चोर हाव का?" हे बोलताना ते आमच्याकडं बघत नसायचे. वेशीकडं बघत असायचे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी परभणी जिल्ह्यात जे फिरले, त्यांनी मामांना पाहिलेलं आहे. निदान ऐकलेलं तरी आहे. त्यांचं खरं नाव आमच्यातल्या अर्ध्या पोरांना ठाऊक नव्हतं. भोंग्यावर कुणीही बोलत असलं तरी मागून त्यांचं एकच चालायचं, "बुलंद, बुलंद, आवाज बुलंद." आवाज कमी करायचं बटन कारखान्यानं चुकून बसवलंय असं त्यांचं ठाम मत होतं. पूर्वी गंगाखेडकडं उसाच्या ट्रकवर होते. बायको वारलेली, मुलगी पालमला दिलेली. गाडीतच झोपायचे, गाडीतच दाढी करायचे. मी पत्रकं लिहायचो म्हणून मला "पत्रकवाले भाचे" म्हणायचे आणि माझं पत्रक वाचून दाखवलं की म्हणायचे, "लय लांब झालं. दगड यायच्या आत संपलं पायजे."

आमची गाडी विलायती होती. एक गोरं जोडपं ती घेऊन आपला मुलूख बघत दक्षिणेकडं निघालं होतं. परभणीच्या अलीकडं गाडी अशी बसली की उठेना. ते दोघं गाडी गॅरेजवाल्याला देऊन रेल्वेनं निघून गेले. गॅरेजवाल्याकडून ती आमच्याकडं आली. आत झोपायला दोन फळ्या, हात धुवायची इवलीशी कुंडी, कपाट, सूर्यफुलांचे पडदे. इंजिन मागं आणि स्टेअरिंग डावीकडं. आम्ही तिला बंगला म्हणायचो. गावातले लोक दुसरं म्हणायचे. झरीच्या रस्त्यावर एकानं सायकल थांबवून ऐकवलं होतं, "उलट्या लोकायची उलटी गाडी." मामांनी भोंग्यावरूनच उत्तर दिलं, "रस्ता सरळ हाय पाव्हणं, तुमी बाजूला व्हा." तो बाजूला झाला. पण तो हसला नव्हता, हे माझ्या लक्षात राहिलं.

दिव्यांचं कारण मामांनी मला एकदाच सांगितलं. गाडीच्या पायरीवर बसून ते बिडी ओढत होते आणि मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती जाळली, तेव्हा ते मुलीला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन ज्वारीच्या रानात बसले होते. "मुलीच्या तोंडावर हात ठिवला व्हता. आमी त्यांचे आवाज ऐकायलो. रोजचे आवाज, ओळखीचे. पण वळखलं असं कुणाचं नाव कोर्टात सांगता येतंय का? म्हणले, पाहिलं का? न्हाई पाहिलं. अंधार व्हता." मग बिडी विझवून म्हणाले, "भाचे, त्या दिवशी माझ्याकडं एक बॅटरी असती तर मी मारला असता उजेड त्यांच्या तोंडावर. मग काय व्हायचं ते झालं असतं." त्यानंतर त्यांच्या दिव्यांवर मी कधी बोललो नाही. तुम्हीही बोलला नसता.

मी बोललो नाही, पण गाडी बोलायला लागली. तिचे स्वतःचे दिवे तिला पुरत होते, मामांना पुरत नव्हते. त्यांनी पुढच्या बाजूला दोन जादा दिवे लावले, टपावर बल्ब लावला, आत चार लावले, भोंग्याचं मशीन लावलं, आणि हे सगळं आतल्या एका दिव्याच्या बारक्या तारेवर जोडलं. ती तार फळीखालून जायची. त्या तारेचा फ्यूज उडायचा. एक टाकला की दुसरा, दुसरा टाकला की तिसरा. आणि ते फ्यूज आपल्याकडच्या काचेच्या नळीसारखे नव्हतेच. पांढऱ्या चिनीमातीची दोन्हीकडं निमुळती गोळी आणि तिच्या पाठीवरून गेलेली पातळ पत्र्याची पट्टी.

सुटे भाग आणायचं काम माझ्याकडं होतं. परभणीत स्टेशनरोडला एकेका दुकानात उडालेला फ्यूज दाखवत फिरलो. एकानं तो दातात धरून बघितला. एकानं विचारलं, हे औषध आहे का. एकानं काचेचा फ्यूज देऊन सांगितलं, घासून बसवा. आणि एका दुकानदारानं छातीवरचा माझा बिल्ला वाचला, फ्यूज हातात न घेताच म्हणाला, "तुमच्या गाडीचं काहीच मिळणार नाही इथं." त्याच्या मागच्या फळीवर काय काय होतं ते मला दिसत होतं. असले दुकानदार आजही आहेत, आणि ते स्वतःला समंजस म्हणवतात.

शेवटी गफूरभाई भेटले. मोटारीच्या वायरिंगचं काम करणारे, पान खाणारे, कायम कुणावर तरी वैतागलेले. त्यांनी फ्यूज पाहिला आणि मलाच झापलं, "इत्ते दिन किधर था? बंबई की पुरानी टॅक्सीमें येइच लगताय." टॅक्सीच्या भंगारातून त्यांनी मला एक पुडी मागवून दिली. तिच्यात तीन रंगांच्या गोळ्या होत्या. ते हातावर मांडत म्हणाले, "सफेद आठ अँपिअर का, लाल सोला का, नीला पच्चीस का. जितनी पतली तार, उत्ता छोटा फ्यूज. तार देखके लगाना, दिल देखके नक्को." फ्यूज मुद्दाम कमजोर करतात, भार वाढला की तार तापायच्या आत त्यानं तुटावं म्हणून, एवढं त्यांनी सांगितलं आणि ते मला तिथंच कळलं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

मामांनाही कळलं. पण पटलं नाही. ते म्हणाले, "म्हंजे वजन आलं की ह्यो पळतो. पळणारा गडी मला गाडीत नगं."

तरी त्यांनी काही दिवस पांढरे फ्यूज चालवले, त्यासाठी दोन बल्बही काढून ठेवले. मग एका गावात दिवेलागणीला आम्ही गल्लीतून जात होतो. माझा सहकारी भोंग्यावर बोलत होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तो आमचा पुढारी. त्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं, आतले दिवे गेले, टपावरचा निळा गेला. ओट्यावरून कुणीतरी अगदी सावकाश, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "इझले का रे?" आणि टपावर दगड पडला. एकच. पुढं काही आलं नाही. ते पुढं काही न येणंच जास्त वाईट होतं. मामांनी गाडी गल्लीबाहेर काढली, बाभळीखाली उभी केली आणि स्टेअरिंगवर हात तसेच ठेवून बसून राहिले. मी हाक मारली. त्यांना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गफूरभाईंकडं जाऊन आले. परत आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. मूठ उघडून दाखवली, सगळे निळे. "भाचे, ह्यो बघ. आपला रंग." मी म्हटलं, मामा, हा पंचवीसचा आहे, गफूरभाईंनी काय सांगितलं होतं? ते म्हणाले, "गफूर बी तेच म्हनला. म्या म्हनलो, आमाला निळाच लागतो. झेंडा निळा, बल्ब निळा, मग फ्यूजच कामून पांढरा?" सगळी पोरं हसली. भाऊसुद्धा हसला आणि म्हणाला, "वैचारिकदृष्ट्या बरोबर आहे." मामांनी गाडीतल्या फ्यूजच्या डब्यातल्या सगळ्या खाचा निळ्या करून टाकल्या. त्या ओळीकडं बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पांढरे परत बसवायला गेलो तर मामांनी डब्यावर तळहात ठेवला. "त्या गल्लीत तू बी व्हतास ना?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर एकही फ्यूज उडाला नाही. भोंगा गेला नाही, दिवा गेला नाही. काढून ठेवलेले बल्ब परत लागले, वर आणखी एक लागला. मामा आता मधूनच गाणं म्हणायचे. फक्त गाडीत एक वास यायला लागला. गरम लाखेसारखा, गोडसर. आम्ही खिडक्या उघड्या ठेवायचो. भाऊ म्हणाला, परदेशी प्लॅस्टिक आहे, उन्हानं होतं. एकदा फळीखालून पत्रकांचा गठ्ठा काढला तर खालचा कागद कोमट लागला आणि त्याच्यावर तारेएवढी तपकिरी रेघ उमटलेली होती. मी तो कागद मामांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "गंगाखेडकडच्या सभा झाल्या की बघू." गठ्ठे मी दुसऱ्या फळीवर हलवले. त्या गाडीत जागा किती. प्रचाराच्या धावपळीत कुणीतरी ते पुन्हा तिथंच सरकवले.

ते गाव गंगाखेड आणि पालमच्या मध्ये आहे. नाव लिहीत नाही. तिथली आपली माणसं अजून तिथंच राहतात. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, मध्ये एक ओढा आणि थोडी पडीक जमीन. महिनाभर गावानं वस्तीशी बोलणं टाकलं होतं. गिरणीत दळण घेत नव्हते. गयाबाई म्हणून तिथल्या एक म्हाताऱ्या होत्या. आम्ही उतरल्या उतरल्या त्या मामांना म्हणाल्या, "आलाव ते बरं झालं. पण जाताना आमाला बी संगं न्या." थट्टा केली असं वाटून आम्ही हसलो. गयाबाई हसल्या नाहीत.

मामांनी गाडी नेहमीप्रमाणे वस्ती आणि गावाच्या मधोमध उभी केली. तोंड गावाकडं, सगळे दिवे चालू. अजून पुरता अंधार पडला नव्हता. वर पारावर माणसं जमत होती. ती बोलत नव्हती, नुसती जमत होती. इकडं वस्तीत सभा सुरू झाली. भाऊचं बोलणं रंगात आलं होतं आणि भोंग्याचा आवाज अचानक घोगरा झाला. मी वळून बघितलं तर सूर्यफुलांच्या पडद्यामागं पिवळं काहीतरी हललं.

पत्रकं किती पटकन पेटतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्ही पोचेपर्यंत आत जाण्यासारखं राहिलं नव्हतं. मामा मागच्या बाजूला धावले, इंजिनाचं झाकण उघडलं आणि बॅटरीची तार नुसत्या हातांनी उपटली. धुरानं तोंड दिसेना. ओढ्याचं पाणी येईस्तोवर बंगल्याचा सांगाडा उरला होता.

आणि मग ती आरोळी उठली. कुणी दिली कळलं नाही. "जाळली. गाडी जाळली." वस्तीतल्या पोरांनी काठ्या घेतल्या. बायांनी लेकरं आत घेतली. गयाबाई दारात एक गाठोडं बांधत होत्या, इतक्या शांतपणे, की त्यांना ते काम सवयीचं होतं हे दिसत होतं. पारावरची माणसं उभी राहिली. त्यांच्या हातात काय होतं ते आता अंधुकात नीट दिसत नव्हतं, कारण आमच्या गाडीला दिवे राहिले नव्हते.

भाऊनं माझा दंड धरला. "लिही. सकाळपर्यंत छापून झालं पाहिजे. उद्या सगळ्या जिल्ह्यात गेलं पाहिजे." मी विचारलं, "कुणी पाहिलं का?" भाऊ म्हणाला, "पाहायला कशाला लागतं? अठ्ठ्याहत्तर साल पाहिलं नाही का आपण?" मी खिशातून कागद काढला. पहिलं वाक्य आपोआप येत होतं, अशी वाक्यं आमच्या हातात तयारच असतात. वस्तीतली पोरं भोवती उभी होती. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचण्याचीच ती वाट बघत होती.

मामा सांगाड्याजवळ उकिडवे बसले होते. सळईनं राखेतून काहीतरी उकरत होते. मग ते उठून आमच्याकडं आले. हात पुढं धरलेले, तळव्याची कातडी सुटलेली, आणि त्या हातांत शर्टाच्या टोकात धरलेला फ्यूजचा डबा. तार पार गेली होती, तिची नुसती काळी रेघ होती. डबा वितळून वाकडा झाला होता. पण चिनीमातीच्या गोळ्या तशाच होत्या, काजळलेल्या, आणि मी अंगठ्यानं पुसल्यावर निळ्या. कुठल्याच गोळीच्या पाठीवरची पट्टी तुटलेली नव्हती.

"भाचे, एक बी पळाला न्हाई," मामा म्हणाले.

मी कागद खाली घेतला. भाऊ म्हणाला, "मामा, हे आता कुणाला दाखवू नका. परभणीला गेल्यावर बघू." मामांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. "भाऊ, माझं घर जाळलं तवा म्या खरं सांगितलं. कुणी मानलं न्हाई. आज आपण खोटं सांगितलं अन उद्या ते उघडं पडलं, तर माझं तवाचं खरं बी खोटं व्हईल. अन हितं आज काय व्हईल ते बघ की," असं म्हणून त्यांनी गयाबाईंच्या गाठोड्याकडं मान वळवली.

मग ते ओढा ओलांडून वर निघाले. एकटे. आम्ही मागं गेलो तर म्हणाले, "कुणी येऊ नका. काठ्या ठिवा." मी तरी गेलो, थोडं अंतर ठेवून. मामांनी डबा पाराच्या दगडावर ठेवला.

"गाडी तुमी जाळली न्हाई," ते म्हणाले. "म्या जाळली. बारीक तारेला मोठा फ्यूज लावला. लावू नगं म्हनलं तरी लावला. कुणाला बघायचं तर बघा."

एक पागोटंवाला म्हणाला, "म्हंजे तुमची गाडी तुमीच जाळायची अन नाव गावाचं?"

"गावाचं नाव घ्यायचं न्हाई, म्हणून तर आलो," मामा म्हणाले. "पण अठ्ठ्याहत्तरला माझं घर असल्याच एका पारावरच्या लोकांनी जाळलं. ते बी तितकंच खरं हाय. दोन्ही ऐकून घ्या. एकच घेऊ नका."

मग पागोटंवाल्यानं डबा उचलला, उलटा-सुलटा केला आणि शेजारच्याकडं दिला. डबा पारावर हातोहात फिरला. मला वाटलं आता दगड येईल. दगड आला नाही. माणसं एकेक करून वाड्यांकडं, गोठ्यांकडं निघाली, कुणीच मागं वळून न बघता. त्यांना पटलं की त्यांनी नुसतं लांबणीवर टाकलं, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी वस्ती जळली नाही. एवढंच सांगता येतं.

पुढचं सांगताना मला संताप येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आठवडाभर जिल्ह्यात आमच्यावर हसले. स्वतःचीच गाडी पेटवणारे म्हणून चहाच्या टपऱ्यांवर थट्टा झाली. त्याचं मला काही वाटलं नाही. पण आमच्यातल्याच काहींनी मामांना विकला गेलेला म्हटलं. पारावर जाऊन मुजरा करून आला म्हटलं. ज्या माणसानं चळवळीसाठी घर ठेवलं नाही, त्याला आमच्या बैठकीत बसायला सतरंजीचा कोपरा कुणी दिला नाही. भाऊनं मामांची बाजू घेतली नाही. मी भांडलो, मोठ्यानं भांडलो, आणि मामा बाहेर पायरीवर बसून ते ऐकत होते. मी बाहेर आलो तर म्हणाले, "लय लांब झालं, भाचे."

त्यांची बोटं आखडली. स्टेअरिंग धरणं संपलं. मुलीनं निरोप पाठवला, पालमला या. मी त्यांना सोडायला एसटीनं निघालो. त्यांच्याजवळ एक पिशवी होती. तिच्यात एक शर्ट, दाढीचं सामान आणि घडी केलेला तो कागद, तपकिरी रेघेचा. भर उन्हात चाललेल्या गाडीत एकदाच ड्रायव्हरला म्हणाले, "दिवे लावा की साहेब." ड्रायव्हरला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे.

ते गाव आलं तेव्हा दिवस कलला होता. मामा खिडकीशी होते. मी पुढचा दांडा धरून उभा होतो. एकदम त्यांनी आखडलेल्या बोटांनी माझी बाही ओढली. खालच्या अंगाला, वस्तीवर, धूर होता.

"भाचे, बघ."

मी वाकून बघितलं. गाडी ओढ्यावरच्या फरशीपुलावर हळू झाली होती.

"नीट बघ. तू बघ, मला नगं."

पत्र्यांवरून धूर निघत होता. प्रत्येक घराचा वेगळा, बारीक, सरळ वर जाणारा. एका दारात गयाबाई वाकून काटक्या मोडत होत्या.

"चुली आहेत, मामा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मामा मागं टेकले. पालम येईपर्यंत त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं नाही.